पोळपाटावरची चावी

१

शाल-श्रीफळ झालं, पडदा पडला, प्रेक्षक चहाकडे वळले, आणि विनायकराव भागवतांनी रंगमंचावरचा पोळपाट उचलून त्याच्याखाली पाहिलं. मग तो उलटा करून पाहिला. मग लाटणं उचललं. शेवटी कणकेच्या परातीत हात घालायला गेले, तर परातच जागेवर नव्हती.

“चावी कुठेय?” ते म्हणाले.

विंगेत संहिता मिटत असलेल्या प्रॉम्प्टर अंबिका पुराणिकांना हे ऐकू आलं. आवाज नाटकातल्या कॅशियरचा नव्हता. तो कॅशियर खर्जात बोलायचा. हा आवाज गळ्यातून बाहेर यायलाच तयार नव्हता.

नाटकाचं नाव ‘सभ्य माणसांचा दरोडा’. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मालव मित्र नाट्यमंडळाने ते शनिवारी दुपारी चारला लावलं होतं, कारण केबलवरच्या मालिका सुरू व्हायच्या आत प्रेक्षकांना घरी सोडलं नाही तर पुढच्या वर्षी प्रेक्षक मिळत नाहीत, हे मंडळाला दोन वर्षांत कळून चुकलं होतं. कथा साधी होती. एका कॉलनीतली पापभीरू माणसं बँक लुटायचं ठरवतात, झोपलेल्या कॅशियरच्या खिशातून चावी काढतात, पोळ्यांच्या कणकेवर तिचा ठसा घेतात, आणि ठसा वाळेपर्यंत भूक लागते म्हणून त्याच कणकेच्या पोळ्या लाटून खातात. कॅशियरची भूमिका विनायकरावांना मिळाली, कारण ते खरोखरच एका बँकेत हेड कॅशियर होते आणि झोपेचा अभिनय त्यांना न शिकवता येत असे.

गडबड झाली ती तिसऱ्या घंटेच्या आधी. सुहास बर्वे, म्हणजे नाटकातला मुख्य चोर, नाटकातल्या लाकडी चावीवर बसला. चावीचे दोन तुकडे झाले. दिग्दर्शक अरविंद फणसे यांनी कपाळ धरलं. ते पूर्वी एका कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी आपली सगळी शिस्त नाटकाकडे वळवली होती, आणि रंगमंचावर खोटी वस्तू त्यांना खपत नसे. कणीक खरी, पोळपाट खरा. तेव्हा विनायकरावांनी जरा आढेवेढे घेतले आणि आपल्या पिशवीतून एक लांब पोलादी चावी काढून दिली. बँकेच्या स्ट्राँगरूमची.

“हे आहे नाटक,” अरविंद म्हणाले होते.

आता तीच चावी नव्हती.

स्ट्राँगरूमला दोन चाव्या लागतात, एक मॅनेजरची आणि एक हेड कॅशियरची, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. नाटकातच तसा संवाद होता. एकही कमी असली तर दार उघडत नाही. सोमवारी दार उघडलं नाही तर दुसऱ्या शहरातली जादा चावी मागवावी लागणार, त्यासाठी लेखी कळवावं लागणार की चावी हरवली, आणि कुठे हरवली या प्रश्नाचं उत्तर ‘एका प्रहसनात’ असं द्यावं लागणार. विनायकरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. पेन्शन हातातोंडाशी आलेली होती, आणि असल्या उत्तरावर ती जाऊ शकत होती.

त्यांची बायको वासंती पहिल्या रांगेतून थेट रंगमंचावर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती अंबिकाताईंसमोर उभी राहिली.

“ताई, पोलिसात गेलो तर यांची नोकरी जाईल. तुम्ही शोधा. मुलींनी कॉपी केलेली तुम्हाला चेहऱ्यावरून कळते म्हणतात.”

“चेहऱ्यावरून नाही,” सरकारी कन्याशाळेत गणित शिकवणाऱ्या अंबिकाताई म्हणाल्या. “दोन पेपरांत एकच चूक सापडली की कळतं.”

पण त्यांनी संहिता पिशवीत टाकली आणि पदर खोचला.

२

त्यांनी आधी विनायकरावांनाच खुर्चीत बसवलं. चावी शेवटची कुठे पाहिली? पोळपाटावर, ते म्हणाले. हे अंबिकाताईंनाही आठवत होतं. शेवटच्या प्रवेशात पश्चात्ताप झालेले चोर चावी पोळपाटावर परत ठेवतात आणि रांगेत उभे राहून प्रेक्षकांना हात जोडतात. ते हात पडदा पडेपर्यंत सोडायचे नाहीत, असा अरविंदांचा सक्त हुकूम होता.

मधल्या वेळात, पडदा पडायच्या आधीच, प्रमुख पाहुणे रंगमंचावर आले होते. हे म्हणजे विनायकरावांच्याच बँकेचे मॅनेजर, मोघे साहेब. इंदूरचे राहणारे, रोज बसने अप-डाउन करणारे. अरविंदांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. साहेबांनी नमस्कारासाठी शाल काढून नारळासकट पोळपाटावर ठेवली, हात जोडले, पुन्हा सगळं उचललं, आणि एका वाक्याचं भाषण केलं: “इतकं वास्तव नाटक मी आयुष्यात पाहिलं नाही.” अरविंद तेव्हापासून जमिनीवर नव्हते.

“आणि साहेबांना काही बोललात का हो?” अंबिकाताईंनी विचारलं. “अजून चहाच्या टेबलापाशी असतील.”

“त्यांना कशाला त्रास!” विनायकराव एकदम म्हणाले. मग सावरून, “मतलब, उद्या सकाळपर्यंत मिळून जाईल की.”

वासंतीने तोंड उघडलं ते विनायकरावांना नको असलेल्या क्षणी. “मला एक समजत नाही. यांची चावी जानव्याला बांधलेली असते. लग्न झाल्यापासून बघते आहे. अंघोळीलाही सोडत नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवताना पंक्तीत खणखण करत होती. बनियनला गंजाचे डाग पडतात म्हणून मी डोकं फोडते, तरी नाही सोडत. आणि नाटकासाठी सोडली?”

“कलेसाठी सोडली,” विनायकराव छताकडे बघत म्हणाले.

अंबिकाताईंनी हे मनात एका बाजूला ठेवलं आणि बाकीच्यांकडे वळल्या. पण बाकीचे होते कुठे? सुहास पडदा पडताच मेकअपसकट पळाला होता. परात घेऊन प्रतिभावहिनी, नाटकातल्या दुसऱ्या चोर, गायब होत्या. आणि तिसरा चोर, होमिओपॅथीचे डॉक्टर अनिल सरवटे, कोपऱ्यात आपली चामडी बॅग पोटाशी धरून उभे होते.

“डॉक्टर, बॅग जरा दाखवता का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि बॅग आणखी घट्ट धरली.

३

अरविंदांनी डॉक्टरांना धरलं, डॉक्टरांनी बॅग धरली, आणि या ओढाताणीत बॅगेची कडी तुटून सगळं जमिनीवर सांडलं. साबुदाण्याच्या गोळ्यांच्या बाटल्या, एक मफलर, आणि एक जाड संहिता. चावी नव्हती. पण संहितेवर इंदूरच्या एका नाट्यमंडळाचा शिक्का होता.

डॉक्टर मान खाली घालून म्हणाले की नायकाची भूमिका आहे, बावीस वर्षांत इथे त्यांना नायक कोणी केलं नाही. अरविंदांचा चेहरा असा झाला की चावी चोरली असती तर त्यांनी डॉक्टरांना एक वेळ माफ केलं असतं.

“इंदूर,” ते एवढंच म्हणाले.

अंबिकाताई तेवढ्यात टावर चौकात पोचल्या. सुहासचं तिथे एसटीडी-पीसीओचं दुकान होतं. तो शटरसमोर उभा राहून आतल्या कोणाची तरी माफी मागत होता. प्रकार असा होता की नाटकाच्या गडबडीत त्याने दुकान बंद केलं तेव्हा काचेच्या कॅबिनमध्ये एक गिऱ्हाईक होतं. ते दुपारपासून आतच होतं, आणि वेळ जावा म्हणून त्याने गुवाहाटीच्या मेहुण्याशी सगळ्या जुन्या गोष्टी बोलून घेतल्या होत्या. आता बिल कोणी भरायचं यावर वाद चालला होता.

“ताई, आईशप्पथ, मी चावीला कणकेनंतर हात नाही लावला,” सुहास म्हणाला. “आणि लावला तेव्हा टोचली. तिला लाल दोरा आहे ना, त्यात खजराण्याच्या गणपतीचा बिल्ला ओवलेला आहे. त्याचं टोक बोटात गेलं. हे बघा.”

बोटावर खरंच ओरखडा होता. अंबिकाताई तो ओरखडा गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिल्या. खजराणा म्हणजे इंदूर. उज्जैनच्या माणसाला गणपती हवा असेल तर चिंतामण गणेश शहराच्या वेशीवर आहे. नवस फेडायला इंदूरला जाणारा उज्जैनकर त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि विनायकराव तर इंदूरची शेवसुद्धा घरात येऊ देत नसत.

हॉलवर परतल्या तर प्रतिभावहिनी सापडल्या होत्या. त्या रेल्वेतल्या गार्डच्या पत्नी, नाटकात कणीक मळणाऱ्या गृहिणी. परात घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या होत्या. रविवारी दुपारी मंडळाची दाल-बाफल्यांची, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत असते. प्रयोगानंतरची ही पंगत चुकली तर पुढचं नाटक पडतं, अशी सगळ्यांची समजूत होती. प्रतिभावहिनींनी रंगमंचावरची कणीक आचाऱ्याच्या हवाली केली होती, अन्न टाकायचं नाही म्हणून.

“वहिनी, त्या कणकेत चावी गेली असेल!” अरविंद म्हणाले.

“चावी असती तर हाताला लागली नसती? मी काय बर्फाचे हात घेऊन मळते?”

आचारी बोलावण्यात आला. तो खांद्यावरचा पंचा झटकत आला. त्याने ती कणीक पाहिलीसुद्धा नव्हती, हे त्याने निवांतपणे सांगितलं. मोठ्या परातीत पंचेचाळीस माणसांचं पीठ भिजत होतं, त्यात त्याने गोळा ढकलून दिला होता.

“अब तो बाफले फूटेंगे, तब दिखेगा,” तो म्हणाला.



४

पीठ त्याच संध्याकाळी चिवडून पाहता आलं असतं. पण आचारी म्हणाला की भिजत्या पिठात चार माणसांनी हात घातला तर मी पंचा उचलून देवासला जातो, आणि पंचेचाळीस पानांची आमंत्रणं गेलेली होती. त्यातून अरविंदांची खात्रीच झाली होती. चावी बाफल्यात आहे, आणि हे त्यांना दुःखाचं कमी व उत्तम शेवटाचं जास्त वाटत होतं. मोघे साहेबही पंगतीला थांबणार होते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते आमंत्रण द्यायला गेले तेव्हा साहेब म्हणाले होते की आई अंथरुणाला खिळलेली आहे, नारळ घेऊन लगेच बस धरतो. पण नाटक पाहून त्यांचा विचार बदलला. देवास गेटजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. “याला म्हणतात प्रयोगाची ताकद,” अरविंद म्हणाले.

रविवारी सकाळी वासंतीचा निरोप आला: हे पहाटेच राम घाटावर गेलेत, कधी जात नाहीत, मला भीती वाटते. अंबिकाताई रिक्षा करून निघाल्या.

जानेवारीची थंडी होती. क्षिप्रेवर धुकं होतं आणि घाटावर यात्रेकरूंची गर्दी. विनायकराव सापडायला वेळ लागला नाही. त्यांच्याभोवती छोटा जमाव जमला होता. ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि डुबकी मारत होते, पूर्ण बाह्यांचा बनियन घालून. घाटावरचा पंडा त्यांच्याशी वाद घालत होता.

“बाबूजी, बनियान उतारो. पाप निकलेगा किधर से?”

“सर्दी आहे,” विनायकराव मराठीत म्हणाले.

“सर्दी तो नहाने से हो रही है। बनियान से क्या रुकेगी?”

जमाव हसला. विनायकराव वर यायला लागले. ओला बनियन अंगाला चिकटला होता. उजव्या बाजूला कमरेच्या जरा वर, कापडाखाली एक लांब, अरुंद उंचवटा स्पष्ट दिसत होता. त्याच्याभोवती तांबूस डाग पसरत होता.

अंबिकाताई पायरीवर उभ्या होत्या. विनायकरावांनी त्यांना पाहिलं आणि दोन्ही हातांनी कंबर झाकली.

५

“बसा,” अंबिकाताई म्हणाल्या. “पंचा घ्या आधी. आता मी सांगते, तुम्ही फक्त मान हलवा.”

विनायकराव बसले. दात वाजत होते.

त्या म्हणाल्या, मी काल रात्रभर कोण चोरू शकतं याचा विचार केला आणि गणित सुटेना. मग उलट विचार केला. कोण काय करू शकणार नाही? विनायकराव भागवत जानव्याची गाठ सोडून चावी दुसऱ्याच्या हातात देऊ शकणार नाहीत. जी गाठ मेव्हणीच्या लग्नात सुटली नाही ती सुहाससाठी सुटणार नाही. मग हरवली ती चावी तुमची नव्हेच. तुमची इथे आहे, बनियनखाली.

विनायकरावांनी मान हलवली.

“बँकेत चाव्या दोनच. तुमची नाही, म्हणजे साहेबांची. बिल्लाही इंदूरच्या गणपतीचा.” त्या जरा थांबल्या. “आणि हे मला कालच सुचायला हवं होतं. गेल्या महिन्यात मी सोमवारी पगार काढायला आले. दहा वाजून गेले होते. तुम्ही मला नोटा दिल्यात. मी बाहेर पडले तेव्हा साहेब रिक्षातून उतरत होते, बस उशिरा आली म्हणून घाम पुसत. दोन चाव्यांशिवाय तिजोरी उघडत नाही, मग माझा पगार कुठून आला?”

विनायकराव पाण्याकडे वळले. मग बोलले. साहेबांची आई दोन वर्षं अंथरुणाला आहे. सकाळी तिचं सगळं उरकून ते निघतात, बस कधी वाटेत सांवेरला अडकते, कधी आणखी कुठे. पहिल्यांदा एक दिवस चावी ठेवून गेले, मग दर शनिवारी ठेवायला लागले. शनिवारी घ्यायची, सोमवारी द्यायची. नियमात हे बसत नाही हे दोघांनाही माहीत होतं. काल बँकेच्या अर्ध्या दिवसानंतर साहेब नाटकापुरते इथेच थांबणार होते, तरी सवयीने चावी हातावर ठेवली, आणि विनायकरावांनीही सवयीने पिशवीत टाकली.

“मी काल त्यांना सांगू कसा शकणार होतो? माझी गेली असती तर मी एकटा मेलो असतो. त्यांची गेली म्हणजे ते पण जातील. त्यांनी विश्वासाने दिली आणि मी ती दरोड्यात वापरली.”

“म्हणून बनियन.”

“जानव्यावरची चावी कोणाच्या दृष्टीस पडली तर सगळं उघडं. घरी वासंती बघते. म्हणून अंघोळीला इथे आलो.” त्यांनी हात जोडले. “ताई, बाफल्यात नसेल तर मी आज संध्याकाळी लिहून देणार आहे, साहेबांच्या टेबलावरून मीच उचलली म्हणून.”

हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं. विनायकरावांना झोपण्यापलीकडे कुठलाच अभिनय येत नव्हता. खोटा जबाब त्यांना पहिल्या प्रश्नालाच जमला नसता.

“काही लिहू नका,” त्या म्हणाल्या. “चावी बाफल्यात नाही. प्रतिभावहिनींच्या हाताला खडा लागला तरी कळतो. चोरांचे हात पडदा पडेपर्यंत जोडलेले होते. ते सुटण्याआधी पोळपाटापाशी एकच माणूस आला, आणि त्याने त्यावर शाल ठेवून उचलली. ज्याला ती चावी लांबून बिल्ल्यावरून ओळखता आली असती, असा सभागृहात तोच होता.”

विनायकरावांचे दात वाजायचे थांबले.

“दुसऱ्या अंकापर्यंत साहेब खदखदून हसत होते,” त्या म्हणाल्या. “सुहासने चावी उंच धरली आणि हसणं बंद झालं. मला वाटलं, नाटक पडलं. मग ते म्हणाले, इतकं वास्तव नाटक पाहिलं नाही. ते खरंच सांगत होते हो.”

“मग साहेब गप्प का?”

“तुम्ही गप्प का? दोन पेपर, एकच चूक. ज्याला चावी सापडली तो बोलू शकत नाही, ज्याने हरवली तोही बोलू शकत नाही. आजारी आईला सोडून ते लॉजवर थांबलेत ते बाफल्यांसाठी नाही. तुम्ही येऊन सांगाल म्हणून वाट बघत आहेत.”

विनायकराव उठायला लागले. “मी आत्ता जातो, पाय धरतो.”

“आणि अख्खं मंडळ बाफल्यात चावी शोधतंय, त्यांना काय सांगाल? साहेबांकडे कशी गेली? का गेली?” अंबिकाताईंनी त्यांना खाली बसवलं. “कपडे बदला. जेवायला या. आणि जेवताना, कृपा करून, अभिनय करू नका.”

६

दोन महिन्यांच्या तालमींत जमला नव्हता इतका एकोपा त्या पंगतीत होता. पंचेचाळीस माणसं पत्रावळीवर वाकून बाफले फोडत होती, आणि तुपात बुडवायच्या आधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपत होती. सुहासने एकात दाणकन दात मारला आणि गाल धरून बसला. बाफला कडक भाजला गेला होता, एवढंच. डॉक्टरांनी त्याला दोन गोळ्या दिल्या. अरविंद डॉक्टरांशी बोलत नव्हते, पण त्यांच्या पानात पहिला बाफला त्यांनीच वाढला होता, आणि तो तपासूनही पाहिला होता.

प्रतिभावहिनी सगळ्यांकडे संतापाने बघत फिरत होत्या. “माझ्या कणकेचा असा अपमान कधी झाला नव्हता.”

मोघे साहेब कोपऱ्यात बसले होते. खाली मान घालून डाळ कालवत होते. त्यांच्यासमोर, दोन पानं सोडून, विनायकराव बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे नीट पाहणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की चोरी दोघांनी मिळून केली आहे.

अंबिकाताई ताटात एक मोठा बाफला घेऊन साहेबांपाशी आल्या आणि वाकल्या. त्यांनी आवाज अगदी हळू ठेवला, प्रॉम्प्टिंग करताना ठेवायच्या तसा. नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये.

“साहेब, भागवतांनी कोणाला काही सांगितलेलं नाही. तुमच्यासाठी. आज संध्याकाळी ते सगळा आळ स्वतःवर घेऊन लिहून देणार आहेत.”

साहेबांचा हात डाळीत थांबला.

“हा मोठा बाफला घ्या,” अंबिकाताई पुढे म्हणाल्या. “सगळ्यांनी आपापले फोडले, कोणाच्यात काही निघालं नाही. हा शेवटचा. आता तुमच्या वाक्याचा नंबर आहे.”

त्या सरळ झाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. मागे वळून पाहिलं नाही. प्रॉम्प्टरने एकदाच सांगायचं असतं.

मग साहेबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाचा हात पत्रावळीवर आणला, बाफला दोन्ही हातांनी फोडला. तुपाचा वास आला आणि पत्रावळीवर काहीतरी पडल्याचा जड आवाज झाला.

“अरे,” मोघे साहेब म्हणाले. अभिनय अगदीच बेताचा होता. “हे बघा काय निघालं.”

अख्खी पंगत उठून उभी राहिली. सुहासने दात विसरून टाळ्या वाजवल्या. अरविंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंक संपायला याहून चांगली जागा त्यांना सुचली नसती. वासंतीने दोन्ही हात महाकालाच्या दिशेने जोडले. प्रतिभावहिनी मात्र चावी बोटांत धरून तिच्याकडे बघत राहिल्या. पोलाद चकचकीत होतं. लाल दोरा लालच होता, कुठे काळा पडला नव्हता की तुपाला भिजला नव्हता.

“हा बाफला उकळत्या पाण्यातून काढून शेणाच्या कंड्यांवर भाजला,” त्या आचाऱ्याला म्हणाल्या, “आणि दोरा जळला नाही?”

आचाऱ्याने दोरा पाहिला. साहेबांकडे पाहिलं, विनायकरावांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्याने बऱ्याच पंगती वाढल्या होत्या.

“महाकाल की नगरी है, दीदी,” तो म्हणाला. “यहाँ क्या नहीं होता.”

आणि डाळ वाढायला गेला. प्रतिभावहिनींनी अंबिकाताईंकडे पाहिलं. अंबिकाताई पाणी पीत होत्या. वहिनींनी चावी साहेबांच्या हातात दिली, भागवतांच्या नाही, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

साहेबांनी ती चावी विनायकरावांकडे पुढे केली नाही. विनायकरावांनी हात पुढे केला नाही. साहेब एवढंच म्हणाले की संध्याकाळची बस धरतो, आई वाट बघत असेल, आणि जाता जाता विनायकरावांच्या खांद्यावर हात ठेवून दोन क्षण उभे राहिले.

सोमवारी अंबिकाताई मुद्दाम बँकेवरून शाळेत गेल्या. दहा वाजून गेले होते. दारात गिऱ्हाइकांची रांग लागली होती आणि रांग चिडलेली होती. आतला नवा संगणक प्लॅस्टिकच्या झाकणाखाली झोपला होता. काउंटरवर एकही नोट नव्हती. विनायकराव दारात उभे राहून प्रत्येकाला समजावत होते.

“क्या भागवतजी,” एक किराणावाला ओरडला, “आपका बैंक तो दस के ठोके पे खुलता था। आज क्या हुआ?”

“साहेबांची बस लेट आहे,” विनायकराव म्हणाले. त्यांचा एक हात सवयीने उजव्या कमरेवर गेला होता. “एक चाबी उनके पास रहती है। दोनों के बिना नहीं खुलता।”

किराणावाला कपाळावर हात मारून पायरीवर बसला. विनायकरावांनी आतून खुर्ची आणून त्याला दिली, आणि पुन्हा रस्त्याकडे बघत उभे राहिले.